‘बारीक’ आणि ‘पातळ’ यांत नेमका फरक काय?

अनुस्वार:
परवा एका लग्नात आत्याने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले आणि ‘किती बारीक झालीस गं!’ असे म्हटले. इंदूरला वाढलेल्या माझ्या जाऊबाईंना हे ऐकून हसू आले, कारण भोवतालच्या हिंदीमुळे त्यांच्या कानाला बारीक असतो तो रवा किंवा दोरा; माणूस ‘दुबला-पतला’ असतो. मग ‘पातळ’ हा शब्द हाताशी असताना मराठीत आपण माणसाला पातळ का म्हणत नाही? आणि आत्याने माझे कौतुक केले की काळजी व्यक्त केली?

जाते_उखळ:
ज्या वस्तूला पसारा असतो आणि जाडी कमी असते ती पातळ: कागद, पोळी, कापड. ज्या वस्तूचा घेर कमी असतो ती बारीक: दोरा, काडी, केस. माणूस या हिशेबाने काडीच्या जातीचा. शिवाय ताक, आमटी आणि वरण यांनी ‘पातळ’चा ताबा घेतल्यामुळे ‘पातळ माणूस’ म्हटले की तो वाटीत ओतावा लागेल असे वाटते. ‘सडपातळ’ तेवढा चालतो, पण तोही बोलण्यापेक्षा स्थळांच्या जाहिरातींत अधिक. आमच्या आजीच्या तोंडी तर ‘पातळ’ म्हणजे सरळ लुगडेच असे.

मोडी_लिपी:
वरचा नियम पोळीपर्यंत ठीक आहे, पण ‘गॅस बारीक कर’, ‘अंगात बारीक ताप आहे’ यांना कुठला घेर? शब्द मूळ फारसी. मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशातही त्याची नोंद फारसी म्हणूनच आहे. मराठीत मात्र तो इतका पसरला, की आवाज, पाऊस, नजर असे जे जे कमी किंवा सूक्ष्म करता येते ते सारे बारीक झाले आणि गावाकडे धाकटा भाऊ ‘बारका’ ठरला. आमचा गिरणीवाला भाकरीचे पीठ अंगठा आणि तर्जनी यांत चोळून पाहतो, मान हलवतो आणि पाट्यांमधील अंतर आणखी कमी करतो. थालीपिठाच्या भाजणीला मात्र तो स्वतःहून ‘जाडसर ना?’ असे विचारतो. ‘बारकाई’ हा शब्द मला त्या चिमटीत दिसतो.

ओवी_अभंग:
आत्याबाईंच्या बोलण्याचा अर्थ या शब्दावरून ठरणार नाही. रोडावणे, खंगणे, वाळणे यांत आजारपण आहे, हडकुळा आणि किडकिडीत यांत टवाळी आहे, तर शिडशिडीत म्हणताना चपळपणाची दाद असते. ‘बारीक’ यांपैकी कोणाचीच बाजू घेत नाही, त्यामुळे तो सुरावर आणि पुढच्या वाक्यावर अवलंबून राहतो. माझ्या लहानपणी त्यानंतर हमखास ‘डब्यात काय नेतेस?’ असा प्रश्न येत असे. आता त्याच वयाच्या बायका ‘कोणतं डाएट करतेस?’ असे विचारतात. आत्याबाई पुढे काय म्हणाल्या?

अनुस्वार:
म्हणाली काहीच नाही. वाढप्याला हाक मारून तिने माझ्या पानात आणखी दोन जिलब्या वाढायला लावल्या.