मदत हवी आहे: उन्हाळ्यानंतर शेळ्या उलटतायत, बोकड बदलू का?

रानवाट: पैदाशीचा बोकड तीन वर्षांचा, अंगाने धडधाकट. माजावरची शेळी दिसली की ओठ वर करून वास घेतो, लगेच चढतो. तरी कडक उन्हाळा गेल्यापासून निम्म्याहून जास्त शेळ्या उलटतायत, म्हणजे गाभण न राहता २१ दिवसांनी पुन्हा माजावर येतायत. आधी याच बोकडापासून शेळ्या छान गाभण राहत होत्या. खुराकात रोज अर्धा किलो सरकी पेंड आहे. बोकड बदलू का?

पशुवैद्य: घाई नको. बोकडाची चढण्याची इच्छा आणि वीर्याचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वृषणं शरीरापेक्षा ४-५ अंशांनी थंड राहावी लागतात. उष्णतेची लाट लांबली की शुक्राणू बनतानाच खराब होतात, पण इच्छा बऱ्याचदा टिकून राहते. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ४८ दिवस, वर अधिवृषणातून (वृषणाला चिकटलेली, शुक्राणू साठवणारी नळी) पुढे सरकायला १०-१४ दिवस. म्हणजे शेवटच्या कडक उन्हानंतर साधारण दोन महिने वाट बघावीच लागते. जोराचा ताप येऊन गेला असेल तरी हाच हिशोब.

आधी हाताने तपासा. दोन्ही वृषणं सारखी, घट्ट पण लवचिक हवीत. खालच्या टोकाला अधिवृषणाची शेपटी फुगीर आणि टणक लागली पाहिजे. ती पिचपिचीत लागली तर शुक्राणूंचा साठा कमी आहे. मग घेर मोजा. वृषणांच्या पिशवीच्या मानेला, म्हणजे वरच्या निमुळत्या भागाला धरून वृषणं खाली ओढा आणि सर्वांत रुंद जागी टेप लावा. अंगठा दोन वृषणांच्या मधे घालू नका, ती फाकतात आणि माप खोटं वाढतं. दर १५ दिवसांनी त्याच बोकडाचं माप लिहून ठेवा, जातीजातीत तुलना करण्यापेक्षा ते जास्त उपयोगी.

वीर्य तपासून घ्या. ०.५ ते १.५ मिली, सायीसारखं दाट हवं. काच आणि नळी ३७ अंशांपर्यंत गरम केलेली असू द्या. थंड काचेवर चांगल्या बोकडाचे शुक्राणूही गळाठतात आणि तो उगीच नापास होतो. एका तपासणीवर निकाल लावू नका, ६० दिवसांनी परत बघा. एखादं वृषण सुजलेलं किंवा गाठीसारखं लागलं तर मात्र ब्रुसेलाची (कळपात पसरणारा जिवाणूंचा संसर्ग) रक्त तपासणी होईपर्यंत त्याला कळपात सोडू नका.

मेंढपाळ: सरकी पेंड आजच बंद करा, माझं स्पष्ट मत. त्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य शुक्राणूंना बाधतं, आणि एका बोकडाला रोज अर्धा किलो म्हणजे फार झालं. त्याजागी सोया किंवा शेंगदाणा पेंड द्या. पुढच्या वेळी हंगामाच्या ६ ते ८ आठवडे आधीपासून खुराक वाढवा, कारण माजात आला की बोकड चरणं सोडतो, पुढच्या पायांवर आणि दाढीवर मुततो आणि वजन उतरतं. शिंगांमागच्या ग्रंथींचा उग्र वास सुटला की तो माजात आला समजायचं. विषुववृत्तापासून लांबच्या भागात हे सगळं दिवस लहान होऊ लागले की सुरू होतं. विषुववृत्ताजवळ दिवसाच्या लांबीपेक्षा चारा आणि ऊन जास्त ठरवतात. ऊन चढल्यावर सावली आणि गार पाणी, लावणी (शेळीला बोकड दाखवणं) पहाटेच.

रानवाट: पेंड आजपासून बंद. पण तोवर माजावर येणाऱ्या शेळ्यांचं काय?

पशुवैद्य: दुसरा तपासलेला बोकड आणा, पूर्ण वाढलेल्यामागे २५-३० शेळ्या, वर्षाच्या आतल्यामागे १०-१५. नाहीतर कृत्रिम रेतन. दुसऱ्या बोकडाकडूनही त्याच शेळ्या उलटल्या तर दोष शेळ्यांत शोधा. लावणीची नोंद चुकू नये म्हणून बोकडाच्या छातीला रंग लावा, चढताना तो शेळीच्या पाठीला लागतो, आणि दर २१ दिवसांनी रंग बदला, आधी फिकट, मग गडद. उलट केलंत तर गडद रंगावर फिकट दिसतच नाही आणि उलटलेली शेळी नजरेतून सुटते.