डॉक्टर मुलाला 'खात्यापित्या घरचा' म्हणाले, आमचं घर तसं नाही

रात्रपाळी (प्रश्न)

गेल्या सोमवारी मुलाच्या शाळेतून आरोग्य तपासणीची चिठ्ठी आली. वय 9 वर्षं, उंची 133 सेंमी, वजन 40 किलो. पुढच्या रकान्यात एकच शब्द, 'स्थूल'. खाली छापील सूचना: ताजी फळं-भाज्या द्या, रोज 60 मिनिटं खेळू द्या, एखाद्या खेळाच्या वर्गात घाला, बाहेरचं टाळा. मी चिठ्ठीची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि कामाला गेले.

मी पॅकिंगच्या कामावर आहे, बहुतेक रात्रपाळी. नवऱ्याला काम कधी असतं, कधी नसतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरात सगळं असतं, शेवटच्या आठवड्यात मी डबे हलवून बघते. पोरगं आजवर उपाशी झोपलेलं नाही, पण शेवटच्या आठवड्यात पोट कशाने भरतं ते विचारू नका. जे पटकन भरतं त्याने भरतं.

तपासणीला आलेले डॉक्टर त्याच्या पोटाला हात लावून म्हणाले, "खात्यापित्या घरचा दिसतोस." वर्ग हसला. घरी येऊन त्याने मला विचारलं, "आई, खातंपितं घर म्हणजे काय गं? आपलं आहे का?" मला उत्तर देता आलं नाही.

माझ्या नणंदेचं घर चांगलं सुखवस्तू आहे. तिची दोन्ही मुलं सडपातळ, पोहायला जातात. ती म्हणते, "वहिनी, जरा लक्ष दे त्याच्या खाण्याकडे." माझी आई म्हणते, "पोर अंगाने भरलंय, तुझ्यासारखं काडी नाही झालं, देवाची कृपा." लहानपणी माझ्या फासळ्या मोजता यायच्या, तेव्हा तिला लोक काय काय बोलायचे ते मला आठवतं. त्यामुळे तिचं मला कळतं.

पण माझ्या डोक्यात एकच घोळतंय. पैसा कमी असेल तर पोर वाळायला हवं ना? हे उलटं कसं झालं? की आई म्हणून माझंच चुकतंय? खरं ते सांगा, मला चालेल. फक्त "भाज्या द्या" एवढ्यावर थांबू नका.

---

वजनकाटा

ताई, 22 वर्षं मी मुलांच्या आहाराचं काम करते आहे. अशा घडी घातलेल्या चिठ्ठ्या घेऊन आलेल्या आया रोज बघते.

आधी चिठ्ठीबद्दल. त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 22.6 येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात 9 वर्षांच्या मुलासाठी स्थूलतेची रेषा साधारण 20.5 ला आहे, म्हणजे चिठ्ठीत लिहिलंय ते खरं आहे. पण पुढचं गणितही बघा. या वयात उंची वर्षाला साधारण 5 सेंमी वाढते. वजन 40 वरच राहिलं आणि तो 138 सेंमीचा झाला, तर बीएमआय 21 होतो. 10 वर्षांच्या मुलाची रेषा 21.4 आहे, म्हणजे एक किलोही न उतरवता तो रेषेच्या आत येतो. वजन उतरवायचं नाही, थोपवायचं आहे. त्याचं जेवण तोडू नका, उपाशी तर मुळीच ठेवू नका. एकदा डॉक्टरांकडून रक्तदाब आणि गरज वाटली तर रक्त तपासून घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न. "पैसा कमी तर पोर वाळेल" हे एके काळी बहुतेक ठिकाणी खरं होतं आणि गरीब देशांत अजूनही बरंचसं आहे. 1989 मध्ये सोबाल आणि स्टंकार्ड या दोन संशोधकांनी तोवरचे 144 अभ्यास एकत्र तपासले. गरीब समाजांत सुखवस्तू घरातली माणसं जाड, मुलंसुद्धा, हे स्पष्ट दिसलं. श्रीमंत समाजांत बायकांच्या बाबतीत नेमकं उलटं होतं, मुलांबद्दल मात्र तेव्हा धड कौल मिळाला नाही. आज तो मिळालेला आहे. अमेरिकेत 2017 ते 2020 या काळातल्या मोजणीत सर्वांत कमी उत्पन्नाच्या घरांतली सुमारे 26 टक्के मुलं स्थूल निघाली, सर्वांत जास्त उत्पन्नाच्या घरांतली साडेअकरा टक्के. इंग्लंडमध्ये शाळेत नव्याने आलेल्या आणि प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या मुलांची दरवर्षी मोजणी होते. तिथे सर्वांत वंचित वस्त्यांतलं प्रमाण सर्वांत सुस्थित वस्त्यांच्या दुपटीहून जास्त आहे. देशात पैसा वाढत जातो तसतसं हे दुखणं वरच्या घरांतून खालच्या घरांत उतरतं.

असं का होतं? साखर, तेल आणि मैदा यांनी पोट भरणं स्वस्त झालं, फळं, भाज्या आणि डाळींनी भरणं त्या मानाने महागच राहिलं. हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता.

पण माझ्या मते खरी गोम दुसरीकडे आहे, आणि ती छापील सूचनेत कधीच नसते. मुलाला नवी भाजी एका फटक्यात आवडत नाही. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा जिभेवर यावी लागते. माझ्याकडे येणाऱ्या एका आईने मला सांगितलं होतं: पहिल्या दिवशी मुलीने भाजी ताटाच्या कडेला सारली, ती आईने खाल्ली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मुलगी भाजी सारून रिकामं ताट घेऊन बसून राहिली, आणि घरात दुसरं काही करायला नव्हतं. चौथ्या दिवसापासून तिने ती भाजी आणणंच बंद केलं. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. ज्या घरात टाकून दिलेल्या घासाचा हिशेब करावा लागत नाही, तिथल्या मुलाला पंधरा संधी मिळतात. तिच्या मुलीला तीनच मिळाल्या. मग मुलगी "भाजी खात नाही" असं सगळे म्हणतात आणि दोष आईच्या वळणावर जातो.

तुम्ही पहिल्या आणि शेवटच्या आठवड्याचं लिहिलंत, तेही फार महत्त्वाचं आहे. 1995 मध्ये विल्यम डाइट्झ नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी एक छोटा लेख लिहिला होता, भुकेमुळे लठ्ठपणा येत असेल का, असं विचारणारा. तेव्हा तो प्रश्न विचित्र वाटला होता. आम्हाला तो रोज दिसतो. कधी आहे, कधी नाही अशा घरात मूल शिकतं की ताटात आहे तोवर खाऊन घ्यावं. तो हावरट नाही, सावध आहे.

दोन गोष्टी विचारते. तुम्ही रात्री नसता तेव्हा तो किती वाजता झोपतो? आणि दिवसभरात गोड पेय किती जातं?

---

जुना_खेळाडू

रागावू नका, पण आम्हीही गरिबीतच वाढलो. पाच भावंडं, एक खोली, आणि आमच्यातलं कोणी जाड नव्हतं. शाळा सुटली की अंधार पडेपर्यंत मैदानात. आज मुलाच्या हातात मोबाईल देतात आणि मग गरिबीला दोष देतात. मैदानाला पैसे पडत नाहीत. आईबापांनी मनावर घेतलं की होतं. मुलाच्या काळजीपोटीच लिहितोय.

---

रात्रपाळी

@वजनकाटा, बाई, पंधरा वेळांचं वाचून मी उठून ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. माझंही तिसऱ्याच दिवशी बंद झालं होतं.

झोपेचं खरं सांगते. मी रात्री साडेनऊला निघते. तो साडेअकरा-बारापर्यंत मोबाईल बघत जागा असतो, सकाळी सहाला उठतो. मोबाईल मीच देऊन जाते, एकटं वाटू नये म्हणून. नवरा घरी असला तर लवकर झोपतो, पण तो कधी असेल ते ठरलेलं नसतं. गोड पेय रोज एक बाटली, 330 मिलीची. शाळेतून आला की हातात देते. दिवसभर त्याने काहीही मागितलं तरी मी नाहीच म्हणते. बूट नाही, सहल नाही, सायकल नाही. ती बाटली एवढीच अशी वस्तू आहे की तिला मी लगेच हो म्हणू शकते.

@जुना_खेळाडू, दादा, राग नाही. पण आमच्या इमारतीपुढे गाड्या लावतात आणि त्यापलीकडे मोठा रस्ता आहे. मी दुपारी झोपलेली असते, त्या वेळी नऊ वर्षांच्या पोराला रस्ता ओलांडून एकटं पाठवायचा धीर मला होत नाही. तुम्हाला पाच भावंडं होती. हा एकटा आहे.

---

वजनकाटा

@जुना_खेळाडू, तुमच्या लहानपणी गरीब घराला पोट भरायला जे स्वस्त मिळायचं, ते आज स्वस्त मिळतं त्यापेक्षा वेगळं होतं. आणि मैदान दाराशी होतं, मोठी भावंडं सोबत होती, हीसुद्धा एक प्रकारची श्रीमंतीच. मनावर घेण्याबद्दल एक उदाहरण देते. 1994 ते 1998 मध्ये अमेरिकेत काही गरीब कुटुंबांना सोडत काढून कमी गरीब वस्तीत राहायला जाण्याची सोय दिली. आहाराचा सल्ला हा काही त्या योजनेचा भाग नव्हता. दहा-पंधरा वर्षांनी मोजलं तेव्हा ही सोय मिळालेल्या घरांतल्या बायकांमध्ये तीव्र लठ्ठपणा आणि मधुमेह कमी होता. सोडत काढलेली होती, म्हणजे मनाने खंबीर असणाऱ्याच तेवढ्या निवडल्या गेल्या असं म्हणता येत नाही.

ताई, बाटलीचं तुम्ही लिहिलंत ते मी बरंच वेळ वाचत बसले. त्या 330 मिलीत साधारण 35 ग्रॅम साखर असते, आठ-नऊ चमचे. तुमच्या मुलाच्या वयाला दिवसाची वरची मर्यादा 24 ग्रॅमच्या आसपास धरतात. तेव्हा बाटली कमी करायची आहेच. पण ती काढून घेतलीत आणि बदल्यात काही दिलं नाहीत, तर त्याच्याकडून दिवसातला एकमेव होकार काढून घेतल्यासारखं होईल. दुसरा होकार शोधा, बिनपैशाचा. आणि झोप. या वयाला 9 ते 12 तास हवेत, त्याला सहा-साडेसहा मिळतात. झोप तुटली की भूक वाढते आणि गोडाची ओढही वाढते. मला एकच गोष्ट सांगायची असती तर भाजीच्या आधी मी झोप सांगितली असती.

---

मधली_सुट्टी

मी असा मुलगा होतो. घरात चणचण आणि मी वर्गात सगळ्यांत जाड. आता मी शाळेत शिकवतो.

मला जे लागलं ते वजन नव्हतं. वजन सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं गेलं, ते लागलं. त्यानंतर मी खेळाच्या तासाला पोट दुखतंय म्हणून वर्गात बसायचो. दोन वर्षं. म्हणजे ज्या तपासणीने मला हलवायला हवं होतं, तिनेच मला बाकावर बसवलं. कृपया शाळेत जाऊन बोला. मुलाला वेगळं नेऊन मोजा, आकडा फक्त पालकांना कळवा, एवढं मागायला पैसा लागत नाही, आणि हा तुमचा हक्क आहे.

खेळाच्या वर्गाचं मनाला लावून घेऊ नका. शाळा सुटल्यावर अर्धा तास मैदान उघडं ठेवता येईल का, हेही विचारून बघा. आमच्या शाळेत तीन आयांनी मिळून विचारलं तेव्हा ते उघडलं. रोज एक आई आळीपाळीने थांबते.

---

रात्रपाळी

पंधरा दिवसांनी लिहितेय.

मोबाईल आता माझ्याबरोबर कामावर येतो. पहिल्या तीन रात्री तो रडला, चौथ्या रात्री मी दहा वाजता शेजारच्या काकूंच्या फोनवर फोन केला तर त्या म्हणाल्या, झोपलाय. काकू त्यांचं दार उघडं ठेवतात. बाटली रोजची होती, ती आता आठवड्यातून दोनदा. उरलेल्या दिवशी शाळेतून आल्यावर मी उठते आणि आम्ही दोघं इमारतीचे जिने चढतो, चार मजले, वर गच्चीवर. तिथे तो मला दिवसभरातलं सगळं सांगतो. माझी झोप तासभर कमी होते, ते मी कसंतरी भरून काढते.

भाजीचा आज सहावा दिवस. कडेलाच आहे, पण काल त्याने एक घास घेतला. थोडीच शिजवते, एका घासापुरती, म्हणजे टाकली तरी जीव तुटत नाही. महिन्याचा शेवटचा आठवडा अजून यायचाय, तेव्हा काय होईल ते बघायचं.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलने 133 ची रेघ मारली. वजनाचं त्याच्याशी काही बोलले नाही. त्याने रेघेच्या वर बोट ठेवून विचारलं, "138 कुठे येईल?" मी अंदाजाने दाखवलं. आता येता-जाता तिथे पाठ टेकवून बघतो.

शाळेत शुक्रवारची वेळ मिळाली आहे. बरोबर अजून एक आई येतेय, तिच्या मुलीलाही तीच चिठ्ठी आली होती.