असेंद्रिय म्हणजे निर्जीव का?

— सोलापूरकडच्या काळ्या रानाच्या माती परीक्षणात समजा 'सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के, मुक्त चुना 11 टक्के' असे आले. कर्ब (कार्बन) तर चुनखडीतही, म्हणजे या मुक्त चुन्यातही (कॅल्शियम कार्बोनेट) असतो, मग तो यात का धरत नाहीत? आणि 'असेंद्रिय'च्या जागी 'निर्जीव' लिहिले तर चालेल का?

— नाही चालणार. इंद्रियांसह ते सेंद्रिय, इंद्रियांवाचून ते निरिंद्रिय किंवा असेंद्रिय, ही शब्दाची फोड. सजीवांतले पदार्थ जीवशक्तीशिवाय बनत नाहीत, असे मानत तेव्हाची ही वाटणी आहे. 1828 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलरने अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला आणि ती समजूत ढासळू लागली. आता बघायचे ते घडण: कार्बनची संयुगे सेंद्रिय, त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बोनेट, सायनाइड, कार्बाइड अशी मोजकी वगळायची. म्हणून चादरीचे सूत, साखर, प्लास्टिक निर्जीव असूनही सेंद्रिय. उलट जित्या माणसाच्या हाडातले कॅल्शियम फॉस्फेट असेंद्रिय.

— चुनखडीचे उत्तर तपासणीच्या पद्धतीतच आहे. 0.5 ग्रॅम माती, 10 मिली पोटॅशियम डायक्रोमेट, 20 मिली तीव्र गंधकाम्ल, अर्धा तास थांबायचे, मग पाणी घालून उरलेले डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने मोजायचे. डायक्रोमेट खर्ची पडते ते कर्बाचे ऑक्सिडीकरण करण्यात. कार्बोनेटमधल्या कर्बाचे ते आधीच पूर्ण झालेले असते, त्यामुळे तो मोजणीत येतच नाही. माती जाळून एकूण कर्ब काढणाऱ्या यंत्रात मात्र तो येतो. 100 ग्रॅम चुनखडीत 12 ग्रॅम कर्ब, म्हणजे 11 टक्के चुन्याचा 1.32 टक्के: सेंद्रिय कर्बाच्या तिपटीहून जास्त! तो वजा केला नाही, तर भुकेली जमीन कागदावर सुपीक दिसते. क्षारपड रानात दुसरी खोट: क्लोराइडही डायक्रोमेट खाते आणि आकडा फुगतो, त्यासाठी आम्लात सिल्व्हर सल्फेट घालतात.

— मग 46 टक्के नत्राचा युरिया सेंद्रिय खत का नाही?

— रसायनशास्त्रात तो सेंद्रियच. शेतीत 'सेंद्रिय' म्हणजे शेणखत, कंपोस्ट, पेंड अशा जैविक उगमाचे, युरिया कारखान्यातला. दोन शास्त्रांचे दोन अर्थ आहेत, ते एका वाक्यात मिसळू नयेत.

— दहावीच्या विज्ञानात आता 'कार्बनी संयुगे' म्हणतात, ते बरे. पण त्यावरून 'अकार्बनी' करू नये. चुनखडीत कार्बन आहेच की. तिथे 'असेंद्रिय'च हवे. ऊन, पाऊस, तापमान यांना मात्र 'अजैविक घटक' म्हणावे.