गुडघा प्रत्यारोपणाला सहा आठवडे झाले, आईचा गुडघा ८५ अंशांच्या पुढे वाकत नाही: सल्ला हवा आहे

पाऊलवाट

नमस्कार. माझ्या आईचे (वय ६७) उजव्या गुडघ्याचे संपूर्ण प्रत्यारोपण होऊन सहा आठवडे झाले आहेत. जखम स्वच्छ भरली आहे, ताप नाही, आणि गेल्या तपासणीत एक्स-रे पाहून सांधा नीट बसल्याचे शल्यविशारदांनी सांगितले. वॉकर सुटून ती आता काठीवर चालते. गुडघ्याचे वाकणे मात्र दहा दिवसांपासून ८५ अंशांवर अडले आहे. व्यायामाची वेळ झाली की तिचा चेहरा उतरतो. परवा गादीवर टाच मागे सरकवताना तिने चादर मुठीत इतकी घट्ट धरली होती, की मूठ सोडल्यावरही बराच वेळ तिची बोटे थरथरत होती. तेव्हापासून तिला व्यायामाची आठवण करून द्यायलाही माझे मन धजावत नाही.

व्यायामात किती दुखणे चालवून घ्यावे? सकाळी बरा असलेला गुडघा संध्याकाळी सुजतो, तो का? घरात ठेवायची व्यायामाची सायकल आता घ्यावी का? आणि शस्त्रक्रियेच्या दोन वर्षे आधीपर्यंत ती नियमित पोहत असे आणि लांबवर फिरायला जात असे. ते दिवस पुन्हा येतील का? अनुभवी व्यक्तींनी आणि जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

सांजवेळ

चार वर्षांपूर्वी माझा डावा गुडघा बदलला. सहाव्या आठवड्यात मीही आपल्या आईंच्याच जागी होतो, म्हणून मनापासून लिहितो आहे.

आपल्या प्रश्नात वाकण्याचा आकडा आहे, पण गुडघा पूर्ण सरळ होतो की नाही, याचा उल्लेख नाही. माझ्या घरीही हेच झाले होते. सगळे ‘आज किती वाकला’ एवढेच विचारत, आणि बरे वाटते म्हणून मी दिवसभर गुडघ्याखाली उशी घेऊन पडून राहत असे. त्या उशीने माझे नुकसान केले. गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीत आखडला, चालताना लंगडणे जाईना आणि थोडे अंतर चालले तरी मांडी भरून येऊ लागली. गुडघा सरळ असला की उभे राहताना मांडीच्या पुढच्या स्नायूला फारसे काम पडत नाही. तो जरासा वाकलेला राहिला, तर त्या स्नायूला सारा वेळ भार पेलावा लागतो, आणि शस्त्रक्रियेनंतर नेमका तोच स्नायू सर्वांत दुबळा झालेला असतो.

आईंना कडक गादीवर किंवा सतरंजीवर पाय लांब करून, मांडी सैल सोडून निजायला सांगा आणि गुडघ्याच्या मागे आपला तळहात सरकवून पाहा. हात सहज आत जात असेल, तर सरळ होण्यात कमतरता आहे असे समजावे. त्यासाठी मला दिलेला व्यायाम अगदी साधा होता: टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याखाली काहीही ठेवायचे नाही, आणि पाय आपल्याच वजनाने खाली जाऊ द्यायचा. पहिल्या दिवशी दोन मिनिटेही सोसवली नाहीत. हळूहळू वेळ वाढवत मी दहा मिनिटांपर्यंत गेलो. त्यानंतर मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघ्याची मागची बाजू खाली दाबायची, पाचपर्यंत मोजायचे आणि सोडायचे. दिसायला हा व्यायाम काहीच नाही, पण माझी चाल सुधारली ती यानेच, असे मी खात्रीने सांगतो.

पोहण्याविषयी: मला पाण्यात उतरायची परवानगी जखम पूर्ण भरून तिच्यावरची शेवटची खपली गळाल्यावरच मिळाली. आता मी आठवड्यातून तीनदा पोहतो आणि रोज पाऊण तास चालतो. धावणे आणि उड्या मारणे डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडले आहे. आईंना जरूर सांगा, की ते दिवस पुन्हा येतात.

स्नायुबंध

मी भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) आहे. प्रत्यक्ष तपासणीची जागा हे लेखन घेऊ शकत नाही, तरी काही गोष्टी स्पष्ट लिहितो.

सांजवेळ यांनी सरळ होण्याविषयी जे लिहिले आहे, त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. वाकण्याचे म्हणाल, तर सपाट जमिनीवर चालताना गुडघा साधारण ६५ ते ७० अंश वाकतो, जिन्यासाठी ९०च्या आसपास वाकावा लागतो, आणि बुटक्या खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठायचे तर त्याहूनही थोडा जास्त. म्हणून ८५ अंशांना आई चालू शकतात, पण जिना उतरणे त्यांना जड जात असणार.

मात्र सहाव्या आठवड्याला वाकणे ९०च्या आत असून दहा दिवस जागचे हलले नसेल, तर पुढच्या ठरलेल्या तपासणीपर्यंत थांबू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. शल्यविशारदांना या आठवड्यातच कळवावे. सांध्याभोवती तयार होणारी व्रणाची ऊती पहिल्या काही आठवड्यांत बरीच लवचीक असते आणि पुढे घट्ट होत जाते. व्यायामाने प्रगती होतच नसेल, तर भूल देऊन गुडघा हलक्या हाताने वाकवून मोकळा करण्याचा पर्याय असतो, आणि त्याचा उपयोग साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांत अधिक होतो. तशी वेळ येईलच असे नाही. पण निर्णय वेळेत व्हावा, म्हणून त्यांच्या कानावर घालणे आवश्यक आहे.

व्यायाम करताना ताण बसणे आणि थोडे दुखणे अपेक्षितच असते. ते दुखणे तासाभरात ओसरत असेल, तर काळजीचे कारण नाही. रात्रभर ठणकत असेल किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा जास्त सुजलेला दिसत असेल, तर व्यायाम बंद न करता त्याचे प्रमाण कमी करावे. दिवसातून एकदा तासभर पिळवटून घेण्यापेक्षा चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटे करणे पुष्कळ हिताचे. आई मूठ आवळून चादर धरतात, याचा अर्थ त्या मांडीही आवळत असणार. पुढचा स्नायू असा आवळलेला असताना गुडघा वाकूच शकत नाही. टाच मागे घेताना सावकाश श्वास सोडायला सांगा, आणि वेदनाशामक गोळी व्यायामाच्या सुमारे अर्धा-पाऊण तास आधी घेता येईल का, ते डॉक्टरांना विचारा.

संध्याकाळची सूज दिवसभराच्या उभे राहण्याने आणि चालण्याने येते. ती कित्येक महिने येत-जात राहते. गुडघा हाताला गरम लागणे, व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा जाणवणे आणि आत ‘टक’ असा आवाज येणे, हेही पुष्कळांना होते. दुपारी आडवे होऊन पूर्ण पायाखाली उशा घेऊन तो छातीपेक्षा उंच ठेवावा आणि कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे लावावा.

पोटरी दुखून सुजली, जखमेतून स्राव आला, ताप आला किंवा गुडघा एकाएकी लाल होऊन फार दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर क्षणाचाही विलंब न करता तातडीच्या विभागात न्यावे.

पाऊलवाट

आपणा दोघांचे मनापासून आभार. आत्ताच आईच्या गुडघ्यामागे हात सरकवून पाहिला. माझा तळहात आडवा पूर्ण आत जातो. गुडघ्याखालची उशी आजपासून काढली आहे. डॉक्टरांकडे परवाची वेळ मिळाली आहे. एक विचारायचे राहिले: आई काठी उजव्या हातात धरते, कारण तोच पाय दुखरा आहे. हे बरोबर आहे ना?

स्नायुबंध

काठी डाव्या हातात द्या. उजवा पाय पुढे पडताना डाव्या हातातली काठीही त्याच्यासोबत पुढे टेकली, की उजव्या पायावरचा भार हलका होतो आणि शरीर एका बाजूला झुकत नाही. जिना चढताना चांगला पाय आधी वर ठेवावा, उतरताना काठी आणि शस्त्रक्रियेचा पाय आधी खाली घ्यावा, आणि दुसरा हात कठड्यावर असावा. तळहात पूर्ण आत जातो, हे परवा डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण दोन्ही बाजूंची हालचाल अपुरी असल्याचे समजले, तर ते उपचारांचा विचार वेगळ्या प्रकारे करतील.

सांजवेळ

सायकलविषयी लिहायचे राहून गेले. पायडलचा पूर्ण फेरा मारण्यासाठी गुडघा साधारण १०५ ते ११० अंश वाकावा लागतो, त्यामुळे आज आईंनी तो मारण्याचा अट्टहास करू नये. डॉक्टरांची हरकत नसेल, तर बैठक उंच करून, अजिबात जोर न लावता पायडल जेथे अडते तेथपर्यंत पुढे न्यायचे आणि तसेच मागे आणायचे, झोका घेतल्यासारखे. माझा पहिला पूर्ण फेरा उलट्या दिशेने लागला होता, आणि सुलट फेरा त्यानंतर चार दिवसांनी. विकत घेण्याआधी उपचारकेंद्रातल्या सायकलवर बसवून पाहा.

बसवलेला सांधा फार वापरला तर झिजेल, या भीतीने मी पहिले वर्ष जपून जपून काढले, त्याची मला आज हळहळ वाटते. २०१९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार संपूर्ण गुडघा प्रत्यारोपणांपैकी सुमारे ८२ टक्के सांधे २५ वर्षे टिकतात. आईंना झिजेची भीती वाटत असेल, तर हा आकडा त्यांना वाचून दाखवा. परवा डॉक्टर काय म्हणाले, ते येथे अवश्य कळवा. मी वाट पाहतो आहे.