४० एमबीपीएसचं वायफाय घेतलं, फाईल उतरते साडेचार एमबीने, गंडवलं का?

चाकरमानी_चिपळूण:
मंडळी जरा सांगा. गावी आईबाबांसाठी गेल्या महिन्यात फायबरचं कनेक्शन घेतलं, ४० एमबीपीएसचा प्लॅन. स्पीड टेस्ट मारली की ३७-३८ येतं पण लॅपटॉपवर फाईल उतरवायला घेतली की साडेचार एमबीच्या वर जातच नाही, जोडायला आलेल्या पोराला विचारलं तर "बरोबर आहे दादा" म्हणून चहा पिऊन गेला. दुसरं म्हणजे राउटरची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी आहे, मी आईच्या फोनला तेच लावून दिलं, लेटेस्ट म्हणून. आणि तिच्या सिमवर रोजचे २ जीबी आहेत, वर अनलिमिटेड ५जी, तरी दुपारी दोनला "डेटा संपला" मेसेज. ती म्हणते मी काही बघतच नाही. घरात वायफाय असताना सिमचा डेटा जातोच कसा?

बिट_बाईट:
पोरगा बरोबर बोलला, फक्त समजावलं नाही. कंपनी स्पीड सांगते मेगाबिटमध्ये, म्हणजे छोटा बी. लॅपटॉप दाखवतो मेगाबाईट, मोठा बी. ८ बिटचा १ बाईट. ४० भागिले ८ म्हणजे ५, तुम्हाला साडेचार मिळतंय, ठीकच आहे. मी पण पहिल्यांदा कस्टमर केअरशी अर्धा तास भांडलो होतो 😄

नेट_मास्तर:
अहो राउटरच्या नावातलं ५जी आणि मोबाईलचं ५जी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही!! सगळे इथेच फसतात. मोबाईलचं ५जी म्हणजे पाचवी पिढी, आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं ते. राउटरवरचं ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, नुसती फ्रिक्वेन्सी. दुसरं नाव २.४ चं असणार. ५ वालं जवळ बसलात तर फास्ट, पण भिंत आडवी आली की मरतं, २.४ थोडं हळू पण लांब पोचतं. तुमच्याकडे भिंती कसल्या आहेत?

चाकरमानी_चिपळूण:
चिऱ्याच्या. जुनं घर आहे, चांगल्या दीड फुटी. राउटर ओटीवर, टीव्हीमागे.

नेट_मास्तर:
मग झालं की. आई दिवसभर असते कुठे, स्वयंपाकघरात ना? तिथे ५ वालं तुटत असणार, आणि तुटलं की फोन काही न बोलता सिमच्या डेटावर जातो, वरती वायफायचं चिन्ह जाऊन ४जी किंवा ५जी येतं, कोण बघतंय तिकडे. तुमच्या गावात ५जी धड मिळतं का? कारण अनलिमिटेड फक्त ५जीवर असताना, फोन ४जीवर घसरला की त्याच २ जीबीतून कापतात.

सुप्रभात_पीडित:
"काही बघत नाही" वर जाऊ नका हो, आमच्या आईचंही हेच. सेटिंगमध्ये डेटा युसेज उघडा, कुठल्या अ‍ॅपने किती खाल्लं ते दिसतं. आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप निघालं, नातेवाईकांचे चार ग्रुप, प्रत्येकावर शुभ सकाळचे व्हिडिओ आणि ऑटो डाउनलोड चालू. ते मोबाईल डेटासाठी बंद केलं. आणि कोटा संपल्यावर बऱ्याच प्लॅनमध्ये ६४ केबीपीएस उरतं, म्हणजे सेकंदाला ८ केबी, २ एमबीचा एक फोटो उतरायला चार मिनिटं. रात्री बाराला नवा कोटा मिळेपर्यंत बसा गोल गोल फिरणारं बघत.

गुहागर_एक्स्प्रेस:
मग गणपतीत आमच्याकडे रेंज फुल असून नेट का चालत नाही? काड्या सगळ्या असतात.

बिट_बाईट:
काड्या फक्त टॉवरचा सिग्नल दाखवतात, टॉवरवर गर्दी किती ते नाही. अख्खी मुंबई एकाच वेळी गावात उतरल्यावर सगळ्यांच्या वाट्याला कितीसं येणार.

चाकरमानी_चिपळूण:
बाबांना फोन करून बघायला लावलं. व्हॉट्सअ‍ॅप पहिलं, युट्युब दुसरं, दोन्ही सिमच्या डेटावर. "मी काही बघत नाही" म्हणणारी आई रोज दुपारी भाकऱ्या भाजता भाजता कीर्तन लावते म्हणे, ते कीर्तन म्हणजे "बघणं" नाही तिच्या मते 😂 तिला २.४ वर टाकलं आणि ५ वालं फोनमधून फरगेट केलं, आता चुलीपाशी सुद्धा वायफाय टिकतंय. राउटर माजघरात आणावा म्हणतोय, पण तिथे प्लग एकच आहे आणि तो देव्हाऱ्याच्या दिव्याच्या माळेचा, बाबा नाही म्हणतायत.