मुलीसाठी १० मीटर एअर पिस्तूल घ्यायचंय, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर की मेकॅनिकल? सल्ला हवाय

सांगलीकर_बाबा
नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, दीड वर्ष झालं शूटिंगला जाते. क्लबचं पिस्तूल तीन पोरांत एक, ग्रिप कुणाच्याच हाताला नीट बसत नाही, हिची बोटं बारीक म्हणून दर वेळी ग्रिपवर टेप गुंडाळायची आणि दुसऱ्याची पाळी आली की सोडायची, असं चाललंय. यंदा डिस्ट्रिक्टला बरी खेळली म्हणून स्वतःचं घ्यायचं ठरवलंय. बजेट दोन लाखांच्या आसपास, तेही पीएफमधून काढणारे, त्यामुळे चूक परवडणार नाही. एक जण म्हणतो मोरिनी घ्या, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर, डोळे झाकून. दुसरा म्हणतो स्टायर किंवा पार्डिनी घ्या, मेकॅनिकलच बरं, बॅटरीची कटकट नको. मला स्वतःला यातलं काही कळत नाही, शेतीची औषधं विकतो मी. इलेक्ट्रॉनिक म्हणजे नक्की काय होतं आत? आणि चौदा वर्षांच्या पोरीला ते लागतं का?

रेंजवरची_ताई
दादा, आधी आत काय होतं ते सांगते. मेकॅनिकलमध्ये स्टीलचे दोन बारीक तुकडे एकमेकांत अडकलेले असतात, त्यातल्या एकाला सिअर म्हणतात. ट्रिगर मागे आला की सिअर घसरते, हातोडी सुटते, व्हॉल्व्हवर आदळते, हवा बाहेर येते आणि पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, निघतं. इलेक्ट्रॉनिकमध्ये ट्रिगरच्या मागे एक छोटा स्विच असतो, तो दाबला गेला की सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारं छोटं चुंबक, हलतो आणि हातोडीला सोडतो. म्हणजे स्टीलवर स्टील घासायचा भाग तुमच्या बोटापाशी राहतच नाही, त्यामुळे पहिला शॉट आणि साठावा शॉट अगदी सारखा सुटतो.
पण दोन्हींना नियम एकच, एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा पाहिजे, म्हणजे तो सुटायला बोटाचा तेवढा तरी जोर लागला पाहिजे. मॅचला वजन लटकवून तपासतात, तीन वेळा संधी देतात, नाही उचललं तर पिस्तूल बाहेर. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक म्हणजे हलका ट्रिगर असं काही नाही, हा गैरसमज पालकांत फार आहे.
माझं मत सांगायचं तर आधी ग्रिप बघा, मग ट्रिगर. पोरीचा हात अजून वाढणारे. ग्रिपचा साइझ बदलून मिळेल का, हे दुकानदाराला पहिलं विचारा.

घाटावरचा_नेम
ताईंचं ग्रिपबद्दल शंभर टक्के बरोबर, पण मी इलेक्ट्रॉनिकच्याच बाजूनं आहे आणि कारण एकच, ड्राय फायर, म्हणजे पेलेट न घालता नुसता ट्रिगर दाबायचा सराव. माझ्याकडे मोरिनी १६२ ईआय आहे, सहा वर्षं झाली. रात्री जेवण झालं की हॉलमधल्या पांढऱ्या भिंतीसमोर उभा राहतो, पेलेट नाही, कॉक करायचं नाही, फक्त स्विच ऑन. साईट बघायची, ट्रिगर घ्यायचा, टिक्. परत टिक्. हात खाली न करता पाच-सहा वेळा घेता येतं. मेकॅनिकलमध्येही ड्राय फायर असतं पण बऱ्याच मॉडेलमध्ये दर वेळी लिव्हर हलवून ट्रिगर परत बसवावा लागतो, मग लय तुटते, आणि लय तुटली की पोरं कंटाळतात हे मी माझ्या भाच्याचं बघितलंय. टिक् वाजताना पुढची साईट हलली की नाही ते स्वतःलाच दिसतं, तेव्हा कोच शेजारी लागत नाही. रेंजवर आठवड्यात तीन दिवस मिळतात, घरी सातही दिवस. मुलगी सांगलीची म्हणजे रोज पुण्यातली बालेवाडीची किंवा मुंबईतली वरळीची रेंज गाठणं शक्यच नाही, मग घरची प्रॅक्टिसच तिला पुढं नेणार ना?

कोकणातला_१०पॉइंट९
भाऊ सगळं बरोबर पण आमच्याकडचा पाऊस पण धरा हिशोबात. मी रत्नागिरीचा. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमधे मॅच होती, साइटिंगचे, म्हणजे गुण न धरता नेम जुळवायचे, १५ मिनिट चालू होते, तिसऱ्या शॉटला ट्रिगर दाबला आणि काहीच नाही. परत दाबला, काहीच नाही. लाइट पण लागेना. बॅटरी नवी होती, पण जिथं ती बसते तिथल्या पत्र्यावर हिरवट बुरशीसारखं चढलं होतं, बॉक्समधे ओल राहिली होती आणि मी महिनाभर बॅटरी आतच ठेवली होती, चूक माझीच. खोडरबरानं घासून चालू केलं पण हात इतका थरथरत होता की पहिली दहा शॉटची सिरीज १०० पैकी ८७. तेव्हापासून पावसाळ्यात बॅटरी काढून ठेवतो, बॉक्समधे सिलिका जेलची पुडी टाकतो, आणि मॅचला खिशात दोन नव्या बॅटऱ्या. एवढं पाळलं तर त्रास नाही. पण हे चौदा वर्षांची पोरगी पाळणार का, की बाबांनी पाळायचं, ते ठरवा.

रेंजवरची_ताई
@कोकणातला हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. टोकियो ऑलिंपिकला २०२१ मध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन क्वालिफिकेशनमध्ये बिघडलं, दुरुस्तीत बराच वेळ गेला, ५७५ मारून ती १२ वी आली आणि फायनल हुकली. आणि तीच मुलगी पॅरिसला २०२४ मध्ये इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवरच ब्राँझ घेऊन आली. म्हणजे यंत्र वाईट नाही, पण बिघडलं तर दुसरं हाताशी आहे का हा प्रश्न खरा. आपल्या पोरांकडे दुसरं पिस्तूल नसतं.

टेक्सासवाला_पुणेकर
थोडं विषयांतर करतो, पण इलेक्ट्रॉनिकचं नाव निघालं म्हणून राहवत नाही. इकडे खऱ्या बंदुकांत हा प्रयोग फार आधी झालाय. ऑस्ट्रियाच्या व्होएरे कंपनीनं १९९१ मध्ये व्हीईसी-९१ नावाची रायफल काढली, काडतुसाला पितळी केसच नाही आणि दारू विजेनं पेटायची. मग २००० मध्ये रेमिंग्टननं मॉडेल ७०० चं इट्रॉनएक्स व्हर्जन आणलं, दस्त्यात नऊ व्होल्टची बॅटरी, फायरिंग पिन ठोकायच्या ऐवजी प्रायमरला, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टिकलीला, करंट. माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे आहे, मी हातात घेतलीये. ट्रिगर दाबल्यावर आत काहीच हलत नाही, खट् असा आवाज नाही, अंगावर काटा येतो. शूटिंगला अफलातून. पण प्रायमर खास त्याचाच लागायचा, साधा चालायचा नाही, लोकांनी घेतलीच नाही आणि दोन-तीन वर्षांत बंद पडली. आता त्यांना ती चालवायची तर दारूगोळा शोधत फिरावं लागतं. हल्ली बायोफायर म्हणून कोलोरॅडोची कंपनी नऊ एमएमचं पिस्तूल विकते, बोटाचा ठसा किंवा चेहरा ओळखल्याशिवाय सुटतच नाही, फायरिंग पण इलेक्ट्रॉनिक. घरात लहान मुलं असणाऱ्यांसाठी ही कल्पना मला मनापासून आवडते.
सांगायचा मुद्दा हा की बाबा, जे घ्याल त्याचे पार्ट आणि दुरुस्ती तुमच्यापासून किती लांब आहे ते बघून घ्या. ट्रिगर कितीही भारी असला तरी सर्किट बोर्ड परदेशातून यायला तीन महिने लागले तर पोरीचा सीझन गेला.

घाटावरचा_नेम
+१. हे मी पण लिहायला हवं होतं. माझा एकदा स्विच गेला होता, दीड महिना भावाच्या जुन्या स्टायरवर खेळलो.

सांगलीकर_बाबा
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री तिच्या आईला आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. टिक् टिक् वालं ऐकून ती लगेच म्हणाली बाबा मला तेच पाहिजे 🙂 पण पावसाचं ऐकून गप्प झाली. अजून एक, इथं जवळच एक जण वापरलेलं मेकॅनिकल स्टायर देतोय, हवेच्या दोन सिलेंडर सकट, किंमत निम्मी. सेकंडहँड घेताना काय बघायचं? आणि लायसन्स लागतं का?

रेंजवरची_ताई
लायसन्सचं आधी: आपल्या नियमात ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलच्या आतलं एअर वेपन असेल तर लायसन्स लागत नाही, मॅचचं एअर पिस्तूल त्याच्या कितीतरी खाली असतं. तरी बिल आणि क्लबचं कार्ड कायम बॉक्समध्ये ठेवा, एसटीत कुणी विचारलं तर दाखवता येतं.
सेकंडहँडमध्ये सगळ्यात आधी सिलेंडरवर कोरलेली तारीख वाचा. सिलेंडर दहा वर्षंच चालतो, त्यानंतर मॅचला घेत नाहीत आणि २०० बारची हवा आहे आत, जिवाशी खेळ नको. दोन्ही सिलेंडर जुने निघाले तर ती निम्मी किंमत निम्मी राहत नाही. मग सिलेंडर भरून रात्रभर ठेवा, सकाळी गेजचा काटा उतरला का बघा. ट्रिगरचं वजन ५१०-५२० ला लावून पन्नासदा घ्या, सुटायची जागा बदलते का ते बोटाला कळेल. पुढं ती २५ मीटरला गेली तर तिथं ट्रिगर १००० ग्रॅमचा असतो, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये गोल्ड मारलं तो इव्हेंट, तेव्हा बोटाला आत्तापासून सरळ मागे ओढायची सवय लागू दे, मग ट्रिगर कुठला का असेना.
आणि घ्यायला जाताना तिला सोबत न्या. डोळे मिटून हात वर करायला सांगा, उघडल्यावर दोन्ही साईट सरळ रेषेत दिसल्या तर ग्रिप तिची.

सांगलीकर_बाबा
रविवारी जातोय तिला घेऊन. सिलेंडरच्या तारखांचे फोटो मागवलेत, एकावर २०१९ आहे, दुसऱ्यावरचं घासलं गेलंय, नीट वाचता येत नाही.

कोकणातला_१०पॉइंट९
घासलेला घेऊ नका बाबा. एकाच सिलेंडरचे पैसे धरा.