रोड किंग 103 : ट्रॅफिकमध्ये उजव्या मांडीला बसणारी धग

घाटवाट :
2014 ची हार्ले-डेव्हिडसन रोड किंग, ट्विन कॅम 103 इंजिन. हायवेला काहीच त्रास नाही, पण हिंजवडीच्या गर्दीत दहा मिनिटांत उजवी मांडी भाजू लागते. अंगात साधी जीन्स असते. ऑइल वेळेवर बदललेलं, सायलेन्सर मूळचेच. हेडरला (इंजिनातून निघणाऱ्या एक्झॉस्ट पाइपला) रॅप (उष्णतारोधक पट्टी) गुंडाळावा की इंजिन गार ठेवायला फॅन बसवावा? मे तोंडावर आलाय.

मागचा_सिलिंडर :
रॅप नको. पावसात तो पाणी धरून ठेवतो आणि पाइप त्याच्याखाली गंजत जातो, बाहेरून दिसतही नाही. शिवाय वरची हीट शील्ड नीट बसत नाही.

45 अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये (व्ही आकारात बसवलेल्या दोन सिलिंडरच्या इंजिनात) मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला असतो आणि त्याचा हेडर तुमच्या उजव्या मांडीखालून जातो. गाडी थांबली की वारा थांबला. म्हणून आधी ईआयटीएमएस (आयडलवर इंजिनाचं तापमान आवरणारी गाडीतली यंत्रणा) चालू आहे का बघा. इंजिन चालू आणि गाडी उभी ठेवून थ्रॉटल बंद स्थितीच्या पलीकडे, उलट्या दिशेला सुमारे तीन सेकंद दाबून धरा. क्रूझचा दिवा हिरवा झाला तर यंत्रणा चालू. तापलेलं इंजिन आयडलवर असताना ती मागच्या सिलिंडरचं इंधन तोडते आणि तो नुसती हवा खेचत-ढकलत राहतो. आवाज लंगडा होईल, घाबरू नका. थ्रॉटल दिलं की दोन्ही सिलिंडर परत चालू.

सिग्नल मिनिटाहून मोठा असेल तर सरळ इंजिन बंद करा. आयडल मात्र कमी करून घेऊ नका. ट्विन कॅमचा गरम ऑइल प्रेशर आयडलवर आधीच कमी असतो.

फिन्स_साफ :
धग अलीकडे वाढली असेल तर इनटेक मॅनिफोल्डची (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीची) सील तपासा. रबर कडक होऊन फट पडली की जादा हवा आत जाते, मिश्रण लीन होतं (इंधन कमी, हवा जास्त), हेड तापतं. गार इंजिन सुरू करून सीलजवळ कार्ब क्लीनरची अगदी छोटी फवारणी करा. आयडल बदललं तर गळती तिथेच. फवारा हेडरवर जाऊ देऊ नका, अग्निशामक जवळ ठेवा.

फिन्सच्या (सिलिंडर गार ठेवणाऱ्या पात्यांच्या) खाचांत चिखल-तेलाचा थर असतो, मागच्या सिलिंडरच्या आतल्या बाजूला जास्त. इंजिन पूर्ण गार झाल्यावर डीग्रीझर आणि मऊ ब्रश. तापलेल्या सिलिंडरवर पाणी अजिबात नको.

ऑइल 20डब्ल्यू-50 सिंथेटिक. फिल्टरसकट साधारण 3.8 लिटर लागतं, पण आधी 3.3 भरा, इंजिन तापवा, साइड स्टँडवर डिपस्टिक बघा, मग हळूहळू वाढवा. जास्त भरलं तर ब्रीदरमधून एअर क्लीनरमध्ये येतं.

घाटवाट :
ईआयटीएमएस बंदच होतं, चालू केलं. आता फॅनचं काय?

मागचा_सिलिंडर :
उभ्या गाडीला खरा उपयोग फॅनचाच. डाव्या बाजूला, हॉर्नच्या जागी बसतो, म्हणून हॉर्नला दुसरी जागा बघावी लागेल. वायर थेट बॅटरीला जोडू नका. इग्निशनवर चालणारा रिले आणि फॅनवर लिहिलेल्या अँपिअरनुसार फ्यूज घ्या. मिड-फ्रेम डिफ्लेक्टर चालत्या गाडीत मांडीपासून गरम हवा बाहेर वळवतात, थांबलेल्या गाडीत फारसे कामाचे नाहीत. कॅट (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढण्याचा सल्ला कुणी देईल, तो घेऊ नका. पीयूसीत अडकाल.

आणि दुसऱ्या गिअरमध्ये 2000 आरपीएमच्या खाली इंजिन ओढत नेऊ नका. हळू चालायचं असेल तर पहिला गिअर टाका.